बाटलीतलं, रक्तातलं आणि कागदावरचं

कुडाळहून नेरूरपारचा पूल ओलांडून मालवणकडे निघालं की काळसे, धामापूर, चौके अशी गावं लागतात. धामापूरचं तळं १५३० सालचं, विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधलेलं. काठावर भगवतीचं देऊळ. लग्नाहून परतणारी मंडळी, जत्रेतला दशावतार बघून निघालेली पोरं, तारकर्लीला समुद्र बघून आलेले पर्यटक, सगळे याच वळणावळणाच्या रस्त्याने जातात. ‘माका काय्येक चढूक नाय’ हे वाक्य या रस्त्यावर किती वेळा म्हटलं गेलं असेल याची मोजदाद नाही. म्हणणारा पुष्कळदा खरंही बोलत असतो. सरावलेल्या माणसाला दोन पेगांत काही होत नाही, गाडी रेषेत चालते, बोलणं सरळ असतं.

कायद्याला मात्र त्या खरेपणाशी काही कर्तव्य नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८५ दोन भागांत आहे. अमली पदार्थांच्या भागात, माणूस गाडीवर नीट ताबा ठेवू शकत नव्हता हे दाखवावं लागतं. दारूच्या भागात तसा शब्दच नाही. तिथे एकच गोष्ट विचारली आहे: १०० मिलिलिटर रक्तात अल्कोहोल ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त होतं का? होतं, तर गुन्हा. गाडी कितीही सुबक चालवली असली तरी. म्हणून ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ची केस ही दारूड्याची नसते, आकड्याची असते. सरकार पक्षाला तो आकडा उभा करायचा असतो आणि बचावाच्या वकिलाला तो उभा राहतो का हे तपासायचं असतं. ‘साहेब, पहिलीच वेळ आहे’, ‘घरात आजारी माणूस आहे’ हे शिक्षा ठरवताना ऐकलं जाईल. गुन्हा झाला की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

आता हा ३० चा उंबरठा किती उंच आहे ते बघू. ४२.८ टक्क्यांची व्हिस्की किंवा रम घेतली, तर ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगात शुद्ध अल्कोहोल साधारण १० ग्रॅम भरतं. ६० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्याने अंदाजे २५ मिलिग्रॅम चढतं. म्हणजे पहिला छोटा पेग उंबरठ्याच्या आत, दुसरा बाहेर. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच वजनाला आकडा आणखी वर जातो. आणि ‘बिअर म्हणजे काय, पाणीच’ म्हणणाऱ्यांसाठी: ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत चार छोट्या पेगांइतकं अल्कोहोल असतं. इंग्लंडमध्ये ही मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे, स्कॉटलंडने २०१४ मध्ये ती ५० वर आणली, स्वीडनमध्ये २० आहे. आपण कडक बाजूला आहोत. लंडनच्या नातेवाइकाचा ‘एका पाइंटने काही होत नाही’ हा सल्ला मालवणात उपयोगाचा नाही.

उतरण्याचा हिशेब तर फारच थोड्यांच्या ध्यानात असतो. यकृत अल्कोहोल जाळतं ते आपल्या गतीने, तासाला साधारण १५ मिलिग्रॅम, माणसागणिक थोडं कमीजास्त. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांतलं काहीही ती गती वाढवत नाही. फार तर पेंगुळलेला माणूस जागा होतो. रात्री अकराच्या सुमारास क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर, संपवणाऱ्या आपल्या ६० किलोच्या माणसाचा आकडा १५० च्या आसपास पोचू शकतो. तिथून ३० वर यायला आठ तास. झोप झाली, तोंड धुतलं, चहा झाला, आणि पहाटे साडेपाचला पाहुण्यांना कुडाळ स्टेशनवर सोडायला तो निघाला, तर कायद्याच्या लेखी तो अजून प्यायलेलाच आहे. या सकाळच्या आकड्याबद्दल गावात कुणी बोलत नाही आणि थर्टी फर्स्टच्या नाकाबंदीपेक्षा मला त्याचीच जास्त धास्ती वाटते, कारण त्या वेळी चालवणाऱ्याला आपण गुन्हा करतोय अशी शंकासुद्धा नसते.

नाकाबंदीत पोलीस पुढे करतात ते मशीन रक्त मोजत नाही, श्वास मोजतं. फुप्फुसातल्या खोल हवेत असलेलं अल्कोहोल आणि रक्तातलं अल्कोहोल यांचं प्रमाण सर्वसाधारणपणे १ ला २१०० धरतात. चांगल्या यंत्रात प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड असलेला इंधनघट असतो. श्वासातलं अल्कोहोल तिथे ऑक्सिडाइझ होतं, त्यातून वीज निर्माण होते आणि ती जितकी जास्त तितका आकडा मोठा. वेलची, पान, मिंट खाऊन वास दबतो, वीज दबत नाही. उलट अल्कोहोल असलेलं माउथवॉश वापरलं की काही मिनिटं तोंडातलंच अल्कोहोल यंत्रात जाऊन आकडा खोटा फुगतो. म्हणूनच शेवटच्या घोटानंतर किंवा चूळ भरल्यानंतर पंधरा मिनिटं थांबून फुंकायला लावावं अशी शास्त्रीय रीत आहे. ‘डॉक्टर, मी द्राक्षासव घेतो’ हा बचावही यातच मोडतो. दोन चमचे आसवाने रक्तातला आकडा तीन-चारच्या वर जात नाही, तेव्हा ७० किंवा ९० चं उत्तर त्यात सापडणार नाही. मात्र आसव पिऊन दोन मिनिटांत फुंकलं असेल तर दुसऱ्यांदा फुंकायची मागणी रास्त आहे. कायद्यातही ती सोय आहे: कलम २०३ प्रमाणे अटक झालेल्याला पोलीस ठाण्यात पुन्हा श्वासाचा नमुना देण्याची संधी द्यावी लागते. हे फार कमी जण मागतात.

धामापूरजवळ अडवलेल्या माणसाच्या बाबतीत यानंतर घड्याळ महत्त्वाचं होतं. कलम २०२ खाली गणवेशातला पोलीस वॉरंटविना अटक करू शकतो, पण अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायलाच हवी; न झाल्यास कोठडीतून सोडावं लागतं. मालवण इथून पंधरा-सोळा किलोमीटर. अंतर फार नाही, पण रात्री गाडी मिळणं, ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर दुसऱ्या रुग्णात अडकलेले असणं, कागद भरणं, यात दोन तास पाहता पाहता जातात. इथे एक गैरसमज पक्का बसला आहे की दोन तास टळले की केस मेली. तसं नाही. कलम फक्त कोठडीतून सुटकेबद्दल बोलतं. श्वासाच्या चाचणीचा निकाल पुरावा म्हणून कलम २०३ नेच मान्य केलेला आहे आणि तो उरतोच. वेळ चुकल्याचा फायदा मिळतो तो पुराव्याच्या वजनात.

रक्त देण्याचा प्रश्न येतो तो श्वासात अल्कोहोल दिसल्यावर, किंवा संधी देऊनही माणसाने फुंकलं नाही तर. स्त्री असेल तर रक्त स्त्री डॉक्टरने किंवा दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच घ्यायचं. नकार दिला तर? नकार देणं म्हणजे हुशारी, असं काही जणांना वाटतं. कलम २०५ सांगतं की सबळ कारणाशिवाय दिलेला नकार हा सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी परिस्थिती म्हणून धरता येतो. एकटा नकार शिक्षा देत नाही, पण पोलिसाच्या आणि डॉक्टरच्या साक्षीला टेकू देतो.

खरी गुंतागुंत मात्र रक्ताच्या कुपीत आहे. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली १९५९ सालचे रक्त चाचणीचे नियम आहेत आणि सरकारी रुग्णालयांतली सवय त्यांनीच घडवली. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसायची नाही. किमान ५ सीसी रक्त घ्यायचं. कुपीत रक्त गोठू न देणारा आणि टिकवणारा पदार्थ हवा, ती नीट हलवायची, चिठ्ठी लावायची, लाखेने सील करायची आणि डॉक्टरची मोहर उमटवायची. यातली प्रत्येक गोष्ट रसायनाशी जोडलेली आहे. टिकवणारा पदार्थ नसेल तर साठवलेल्या रक्तात जंतू साखरेचं अल्कोहोल करू शकतात, आकडा वाढतो. बूच सैल असेल तर अल्कोहोल उडून जातं, आकडा घटतो. एका चुकीने आरोपी अडकतो, दुसरीने सुटतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर धुळ्याकडे बघा. १९६१ च्या एप्रिलमध्ये धुळ्याजवळ एक मोटार उलटली आणि त्यात जीव गेला. चालकाचं रक्त दुसऱ्या दिवशी तिथल्या सिव्हिल हॉस्पिटलात घेतलं गेलं, पण रासायनिक परीक्षकाकडे ते कित्येक दिवसांनी रवाना झालं. मधल्या काळात खानदेशातल्या एप्रिलच्या उन्हाळ्यात कुपी कुणाच्या ताब्यात होती, कशी ठेवली होती, याचा नीट पुरावा नव्हता. उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य म्हणून हा खटला १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला. दारूबंदी कायद्यातलं रक्त तपासणीचं कलम १२९अ हा मद्यपान सिद्ध करण्याचा एकमेव मार्ग नाही, असं न्यायालयाने म्हटलं, म्हणजे सरकारला दरवाजा उघडा ठेवला. पण कुपीच्या प्रवासाचा हिशेब द्यावा लागतो, हा मुद्दा तेव्हापासून प्रत्येक उलटतपासणीत येतो.

सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण सलमान खानचं. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्यात गाडी बेकरीसमोर झोपलेल्या मजुरांवर गेली, एक जण दगावला, चौघे जखमी झाले. रक्तात ६२ मिलिग्रॅम अल्कोहोल असल्याचा अहवाल होता, कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट. सत्र न्यायालयाने ६ मे २०१५ रोजी पाच वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. साक्षीदाराच्या विश्वासार्हतेपासून बरीच कारणं त्यात होती, पण रक्ताचा नमुना हेही एक होतं: घेतलं किती आणि प्रयोगशाळेत पोचलं किती, टिकवणारा पदार्थ घातला होता का, तो कुणी आणि कसा नेला. ‘पैसेवाला सुटला’ एवढंच आपण त्यातून घेतो. मला त्यात आणखी एक दिसतं. जे प्रश्न तिथे महागड्या वकिलांनी विचारले, ते विचारायचा अधिकार मालवणच्या कोर्टात उभ्या असलेल्या रिक्षावाल्यालाही तेवढाच आहे; त्याच्या वतीने ते कुणी विचारत नाही, इतकंच. कोठडीत असलेल्या कुणालाही विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, मिळकत कितीही असो.

पुण्यात याच्या पुढची पायरी दिसली. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला, आणि लोक चिडले ते त्यावर. पण गंभीर आरोप नंतर आला: ससून रुग्णालयात घेतलेला मुलाचा नमुना टाकून त्या जागी दुसऱ्याचं रक्त ठेवलं. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए ताडून पाहिल्यावर ते उघड झालं, असं पोलिसांचं म्हणणं. डॉक्टरांना अटक झाली. कुपीवरच्या त्या लाखेच्या मोहरेची किंमत यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही.

आणि आकडाच हाती लागला नाही तर? ७ जुलै २०२४ ला वरळीत बीएमडब्ल्यू गाडीने स्कूटरवरच्या दांपत्याला उडवलं, बाई गेल्या. चालक पसार झाला आणि दोन दिवसांनी सापडला. तासाला १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने तोवर रक्तात काही उरण्याचा प्रश्न नव्हता. पळून जाण्यात असा उघड लाभ असणं ही या कायद्यातली मोठी फट आहे. त्याच प्रकरणातून नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल मात्र सगळ्यांसाठी आला: अटकेची कारणं अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत, लेखी द्यायला हवीत.

आकडा नसताना नुसत्या वासावर काय होतं, हे १९७१ सालीच सर्वोच्च न्यायालयाने बच्चुभाई कारयाणी खटल्यात सांगितलं. तोंडाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असं ठामपणे म्हणता येत नाही. अपघातात डोक्याला मार लागलेला माणूसही अडखळतो. डॉक्टरच्या कागदावर फक्त ‘दारूचा वास येतो, पण अमलाखाली नाही’ असं असेल, तर बचावाचं अर्धं काम तिथेच झालेलं असतं.

शिक्षेकडे वळू. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही. त्याआधी पहिला दंड २,००० चा होता. गुन्हा जामीनपात्र आहे, पण जागेवर तडजोड शुल्क भरून मिटण्यासारखा नाही; हेल्मेटच्या चलनासारखा तो फोनवर भरता येत नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते. तिथे पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून, दंड भरून मोकळं व्हायचा सल्ला सर्रास मिळतो. आकडा मोठा आणि कागद चोख असतील तर तो वाईट सल्ला नाही. पण त्यासोबत काय येतं ते कुणी सांगत नाही. कलम २० प्रमाणे १८५ खाली दोषी ठरवणाऱ्या न्यायालयाने किमान सहा महिन्यांसाठी लायसन्सची अपात्रता द्यायचीच आहे. टुरिस्ट गाडी चालवून पोट भरणाऱ्याला दहा हजारांपेक्षा हे जड. शिवाय ‘कबूल’ म्हटलं की ती पहिली शिक्षा नोंदली गेली; पुढच्या वेळी तो दोन वर्षांच्या रांगेत. इथली कितीतरी मुलं जहाजावर किंवा आखातात जायच्या तयारीत असतात, त्यांना पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो. हे सगळं मांडून मगच कबुलीचा निर्णय व्हावा.

मागे बसलेल्याने खांदे उडवू नयेत. ‘चल रे, काय होत नाय’ म्हणत प्यायलेल्या मित्राच्या हाती स्वतःच्या गाडीची चावी देणाऱ्यावर कलम १८८ खाली चिथावणीचा गुन्हा लागू शकतो, शिक्षा चालवणाऱ्याइतकीच. चालवणारा अल्पवयीन असेल तर २०१९ पासून कलम १९९अ आहे: पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

कुणाचा जीव गेला की १८५ मागे पडतं. १२ नोव्हेंबर २००६ ला वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले. चालक ॲलिस्टर परेराच्या रक्तात ११२ मिलिग्रॅम निघालं. निष्काळजीपणाच्या साध्या कलमावर न थांबता उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली तीन वर्षांची शिक्षा दिली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दारू पिऊन भरधाव गाडी हाणणाऱ्याला परिणामाची जाणीव असते, हा त्यामागचा विचार. आज भारतीय न्याय संहितेत ही दोन कलमं १०६ आणि १०५ अशी आहेत. पहिल्यात पाच वर्षांपर्यंत, दुसऱ्यात त्याहून कितीतरी जास्त.

सिंधुदुर्गात आणखी एक धागा गुंततो. गाडीच्या डिकीत ‘गोवा बनावटीची दारू’ सापडली, तर तो वेगळा गुन्हा, महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ चा. त्यातली वाहतुकीची शिक्षा १८५ पेक्षा कितीतरी कडक आहे. इन्सुली तपासणी नाक्यावर यासाठीच गाड्या उघडल्या जातात. त्याच कायद्याने महाराष्ट्रात प्यायलाही परवाना लागतो, एका दिवसाचा विदेशी मद्याचा परवाना पाच रुपयांचा. किती जणांच्या खिशात तो असतो हे विचारू नये. रक्तातला त्या कायद्याचा आकडाही निराळा, ०.०५ टक्के म्हणजे ५० मिलिग्रॅम. त्यामुळे ४० मिलिग्रॅमवाला एका कायद्यात अडकतो आणि दुसऱ्यातला तो उंबरठा ओलांडत नाही.

मालवणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालावर अपील ओरोसला सत्र न्यायालयात, आणि तिथून पुढे मुंबईऐवजी आता कोल्हापूर, कारण ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तिथे बसतं आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहे. वकिलांचा आणि पक्षकारांचा एक रात्रीचा प्रवास वाचला.

फौजदारी कोर्टातून सुटलेल्याची गाठ नंतर विमा कंपनीशी पडते. तिथे ३० चा आकडा लागतोच असं नाही. एका पोर्शेच्या २००७ सालच्या दिल्लीतल्या अपघातात गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनीने ‘चालक दारूच्या अमलाखाली होता’ म्हणून नाकारला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली: पॉलिसीतली ती अट १८५ च्या मोजमापाला बांधलेली नाही, श्वास किंवा रक्ताची चाचणी नसली तरी परिस्थितीवरून ती सिद्ध होऊ शकते. धडक बसलेल्या तिऱ्हाइताला भरपाई मिळण्याची वाट बहुतेक वेळा उघडी राहते, पण ती रक्कम कंपनी नंतर गाडीमालकाकडून वसूल करू शकते. म्हणजे कुपीच्या सीलवर बोट ठेवून सुटलेल्या माणसाच्या घरी वसुलीची नोटीस येऊ शकते, आणि तिला उत्तर देताना सीलचा मुद्दा त्याच्या फारसा कामाला येत नाही.